यंत्ररचित ओवी आणि तात्पर्याचा प्रश्न

यंत्राने रचलेल्या कृतीस अर्थपूर्ण कला म्हणावे काय, या प्रश्नावर आपल्याकडील चर्चासत्रांत जे वाद होतात त्यांत उदाहरणे बहुधा मोठी घेतली जातात. ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यूयॉर्क येथे ख्रिस्टीजच्या लिलावात ४,३२,५०० डॉलरांस विकले गेलेले यंत्रनिर्मित व्यक्तिचित्र हे त्यांपैकी एक. परंतु मोठ्या उदाहरणांत किंमत, कुतूहल आणि जाहिरात यांची भेसळ इतकी असते की, मूळ प्रश्न हाती लागतच नाही. यासाठी प्रस्तुत लेखात मी मुद्दाम अगदी लहान उदाहरण घेणार आहे. ते जात्यावरच्या ओवीचे आहे. ओवीस बाजारभाव नाही, तिचा कर्ता बहुधा अज्ञात असतो, आणि नावीन्याचा दावाही ती करीत नाही. मानवी कलेच्या बचावासाठी जी कारणे सामान्यतः पुढे केली जातात ती ओवीच्या बाबतीत एकामागून एक गळून पडतात; आणि तरीही ओवी अर्थपूर्ण आहे याविषयी कोणास शंका नसते. तेव्हा तिची अर्थपूर्णता कशात आहे हे कळले, तर यंत्राच्या कृतीत काय आहे आणि काय नाही हेही कळावे.

ओवीचे प्राचीनत्व सर्वश्रुत आहे. बाराव्या शतकातील सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात असा उल्लेख आहे. आधुनिक काळात साने गुरुजींनी ओव्या वेचल्या, सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या द्वारे त्यांचे संग्रह काढले, दुर्गा भागवतांनी ‘लोकसाहित्याची रूपरेखा’ (१९५६) या ग्रंथात लोकसाहित्याच्या अभ्यासास शास्त्रीय बैठक दिली. हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ यांनी पुण्यातून सुरू केलेल्या कार्यात महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या मिळविल्या गेल्या. २०१७ पासून हे भांडार ‘पारी’ या संस्थेमार्फत सर्वांसाठी प्रसिद्ध होत आहे. त्यात ओवीबरोबर ती गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव नोंदविलेले असते. ही गोष्ट वरवर पाहता कारकुनी वाटेल. पुढे तिचे महत्त्व ध्यानात येईल.

एवढ्या ओव्या एकत्र ठेवल्या म्हणजे भाषाभ्यासकास जे प्रथम दिसते ते हे की, ही रचना साच्यांची आहे. पहिली ओवी, दुसरी ओवी असा गणनेचा साचा. ‘बाई’, ‘सांगते तुला’ यांसारखी चरणाच्या ठराविक जागी येऊन बसणारी संबोधने. भाऊ, माहेर, बाळ, सासुरवास, पंढरी, पाऊस असे मोजके विषय. आणि त्या त्या विषयाशी बांधले गेलेले मोजके अलंकार. युगोस्लाव्हियातील गवयांच्या आधारे मिल्मन पॅरी आणि आल्बर्ट लॉर्ड यांनी मौखिक महाकाव्याविषयी जे प्रतिपादन केले, आणि लॉर्ड यांनी १९६० मध्ये ग्रंथरूपाने मांडले, ते थोड्या फरकाने येथेही लागू पडते. गाणारी बाई शून्यातून ओवी निर्माण करीत नाही. तयार पदबंध ती जात्याच्या फेऱ्याच्या मापाने एकापुढे एक बसविते. एका हाताने खुंटा फिरवीत आणि दुसऱ्याने वैरण घालीत असता नवा शब्द शोधीत बसण्यास सवड कोठून असणार!

हे मान्य केले की यंत्राविरुद्धचा नेहमीचा आक्षेप लंगडा पडतो. ‘यंत्र केवळ जुन्या शब्दांची फेरजुळणी करते’ असे आपण म्हणतो. पण ओवी तरी दुसरे काय करते? आजची भाषायंत्रे, ज्यांस सर्वजण एआय म्हणतात, अफाट मजकुरावरून एका पदामागून कोणते पद येण्याचा संभव किती याचे गणित करून मजकूर रचतात. त्यांचा साचा आपल्या बायकांच्या साच्याहून फार सूक्ष्म आहे. पण साचा तो साचाच. मौलिकता ही कलेची कसोटी धरली, तर यंत्राबरोबर ओवीही नापास होते, आणि संतवाङ्मयाचा बराचसा भागही. हा मार्ग म्हणूनच सोडून द्यावयास हवा. ज्यांना तो सोडवत नाही त्यांनी आपल्या पदवीपूर्व वर्गात शिकविलेल्या कवितांची एकदा यादी करून पाहावी.

दुसरा मार्ग घाटाचा. बा. सी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात कलाकृतीचे सौंदर्य संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांवर आधारले. कर्त्याचा हेतू, त्याचे चरित्र, त्याची तळमळ यांना तेथे जागा नाही. अमेरिकेत विमसॅट व बीअर्डस्ली यांनी १९४६ मध्ये कर्त्याच्या हेतूवरून कृतीचे मूल्य ठरविणे हा भ्रम होय असे जे म्हटले, त्याच वळणाचा हा विचार आहे. हा पक्ष प्रामाणिकपणे पत्करणाऱ्याने यंत्राच्या कृतीस दार बंद करता येत नाही. कृती समोर आहे. तिच्यात लय आहे की नाही एवढेच पाहावयाचे. पण मर्ढेकरांच्याच मांडणीत एक गोष्ट अशी आहे, जिच्याकडे त्यांचे अनुयायी फारसे वळत नाहीत. चित्रकाराचे माध्यम जसे रंग, तसे साहित्याचे माध्यम त्यांच्या मते शब्दांचा नाद नव्हे, तर भावनात्मक अर्थ होय. लय या अर्थांची असते. मग रचनेपूर्वी हा अर्थ कोठे असतो? रंग दुकानात मिळतो. ‘माहेर’ या शब्दाचा भावनात्मक अर्थ कोणत्याही दुकानात मिळत नाही. तो कोणी तरी माहेर सोडल्याने शब्दास आलेला असतो. म्हणजे घाटवादी पक्षही शेवटी जगलेल्या भाषेच्या भांडवलावर चालतो. यंत्र हे भांडवल वापरते. त्यात भर घालू शकत नाही.

लाकूड पोखरणाऱ्या किड्याच्या वाटेने कधी एखादे अक्षर उमटते, यास आपल्याकडे घुणाक्षरन्याय म्हणतात. यंत्ररचना म्हणजे घुणाक्षर, असे कोणी म्हणेल. ते मला पटत नाही. घुण्याला अक्षरांची ओळखही नसते आणि अक्षर क्वचित उमटते. यंत्र मात्र हटकून अक्षरेच काढते, व तीही शुद्ध. यंत्राला अधिक जवळचा दृष्टान्त न्यायशास्त्रात सापडतो. विश्वनाथ पंचाननांच्या न्यायसिद्धान्तमुक्तावलीत, सतराव्या शतकात, पोपटाच्या वाक्याचा प्रश्न चर्चिलेला आहे. नैयायिकांच्या मते वाक्यापासून बोध होण्यास वक्त्याच्या तात्पर्याचे ज्ञान हे एक कारण आहे. मग पोपट वाक्य बोलतो तेव्हा श्रोत्यास बोध होतो तो कोणाच्या तात्पर्याने? उत्तर असे दिले आहे की, तेथे ईश्वराचे तात्पर्य मानावे. आणि वाक्य वस्तुस्थितीशी विसंगत असेल, तर ते पोपटास शिकविणाऱ्याचे मानावे. ईश्वराची सोय ज्यास नको असेल त्याने ती खुशाल सोडावी. शिकविणारा तरीही उरतोच. नैयायिकांनी एक पाऊलही मागे घेतलेले नाही. वाक्य कळले, म्हणजे कोणाचे तरी तात्पर्य त्यामागे आहे.

याच्या उलट मीमांसक. त्यांच्या मते वेद अपौरुषेय, म्हणजे कर्त्यावाचूनचा. आणि तरीही, किंबहुना त्यामुळेच, प्रमाण. शब्द आणि अर्थ यांचा संबंध मनुष्यकृत नव्हे. आणि वाक्याचे तात्पर्य उपक्रम, उपसंहार, अभ्यास इत्यादी गमकांनी वाक्यातूनच ठरवावे. कर्त्याशिवाय अर्थ असू शकतो हे सिद्धान्तरूपाने मांडणारे हे जगातील बहुधा सर्वांत कणखर शास्त्र आहे. आणि यंत्राच्या कैवाऱ्यांनी त्याचा आधार अद्याप घेतला नाही याचे नवल वाटते. पण त्यांनी तो घेतला, तरी तो त्यांना पुरता उपयोगी पडणार नाही. वेदाला कर्ता नाही. प्रयोक्ता मात्र आहे. विधिवाक्य कोणाला तरी उद्देशून आहे, त्याचा कोणी अधिकारी आहे, मंत्र कोणाच्या तरी मुखातून, विशिष्ट कर्मात, विशिष्ट जागी उच्चारला जातो. नुसता पडून राहिलेला, कोणी प्रयोग न केलेला वेद ही कल्पना मीमांसकांना अभिप्रेतच नाही.

ओवीचे नेमके असेच आहे. ती अपौरुषेय नसली, तरी बहुधा अनामिक असते. परंतु अप्रयुक्त कधीच नसते. भाषाशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे, तर ओवी ही ज्यांचा संदर्भ बोलणाऱ्याबरोबर बदलतो अशा पदांनी भरलेली असते. रोमान याकोब्सन यांनी १९५७ मध्ये या वर्गाचे जे विवेचन केले ते प्रसिद्ध आहे. ‘मी’, ‘माझा’, ‘तुला’ ही तर उघडच या वर्गातील. पण ओवीत ‘बंधू’ आणि ‘माहेर’ हेही तसेच वागतात. शब्दकोशातील माहेर सर्वांचे एक. जात्यावरचे माहेर दर घरी निराळे. ओवी ही म्हणूनच एका परीने रिकामी चौकट आहे, आणि गाणारणीच्या आयुष्याने ती भरावयाची असते.

हे मला पुस्तकातून समजले असे म्हणता येत नाही. शिरूर तालुक्यातील निमोणे येथे माझ्या नात्यातील एक वृद्ध बाई राहतात. त्यांना घरात सर्वजण आत्या म्हणतात. त्यांचे माहेर भीमेपलीकडे, दौंड तालुक्यात. लग्नानंतरची काही वर्षे त्यांनी बाजरी जात्यावर दळली. पुढे गिरणी आली आणि जाते परसात गेले. आमच्या विभागातील एक विद्यार्थिनी त्यांच्याकडून ओव्या उतरवून घेण्यास माझ्याबरोबर आली होती. काम संपल्यावर तिने सहज, काहीशा खोडकरपणानेच, भाषायंत्राकडून करवून घेतलेल्या दोनचार ओव्या मोबाइलवरून वाचून दाखविल्या. त्या कोठून आल्या हे मात्र सांगितले नाही. त्यांतील एकीचा आशय असा: भाऊ मला न्यायला येतो आहे, बैलांच्या घुंगरांचा आवाज कानी येण्यापूर्वीच वाटेवरच्या धुळीने त्याच्या गाडीची वर्दी दिली. ओवी वाईट नव्हती. माप सांभाळलेले होते, आणि आवाजाच्या आधी धूळ ही कल्पना तर चांगलीच होती. मर्ढेकरांच्या कसोटीस ती उतरली असती.

आत्यांनी ती पुन्हा एकदा म्हणून घेतली, मान हलविली, आणि विचारले, “पोरी, ही कुनी म्हनली गं? कुनाला म्हनली?”

विद्यार्थिनीने खरे ते सांगितले. आत्यांना त्याचे आश्चर्य वाटले नाही. गिरणी पाहिलेल्या माणसाला यंत्राचे आश्चर्य काय वाटणार? त्या एवढेच म्हणाल्या, “मंग अजून कुनी म्हनलीच न्हाई की.” आणि थोड्या वेळाने त्यांनी ती स्वतः म्हटली. म्हणताना मात्र तिच्यात भावाचे नाव घातले आणि बैलगाडी काढून टाकली. “माझा भाऊ गाडीबैलानं कवा आला? यष्टीनं यायचा.” घुंगरे गेली, त्यांच्या जागी भोंगा आला. धूळ तशीच राहिली.

या पाठभेदाकडे समीक्षकाच्या दृष्टीने पाहू. राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, आणि पुणे यांच्या दरम्यान धावली. हा रस्ता शिरूरवरून जातो. या मुलखातील सासुरवाशिणींच्या एका पिढीला माहेरचा माणूस बैलगाडीतून नव्हे, तर एसटीतून उतरताना दिसला. यंत्राने बैलगाडी घातली, कारण ओव्यांत भाऊ बहुधा बैलगाडीनेच येतो. तो संभवाचा निर्णय होता. आत्यांनी ती काढली, कारण त्यांच्या तोंडी ती खोटी ठरली असती. धूळ त्यांनी ठेवली तीही अलंकार म्हणून नव्हे. शिरूर हा पर्जन्यछायेतला तालुका. कच्च्या रस्त्याने येणारी गाडी उंबऱ्यातून आधी धुळीनेच ओळखू येते. यंत्राच्या पाठात धूळ ही कल्पना होती. आत्यांच्या पाठात ती साक्ष झाली. शब्द तेच, घाट जवळजवळ तोच. जे बदलले ते दोन ओळींत दिसत नाही, आणि तरी ओवीचा सारा अर्थ त्यातच आहे.

येथे एक शंका उपस्थित होईल. यंत्राला सांगितले असते, तर त्यानेही गाडीच्या जागी एसटी घातली असती. अर्थातच घातली असती. विमान घाला म्हटले असते तर विमानही घातले असते. मुद्दा नेमका हाच आहे. जो कोणतीही दुरुस्ती सारख्याच तत्परतेने स्वीकारतो त्याच्या दृष्टीने कोणताही पाठ खरा नसतो आणि खोटाही नसतो. प्रयोक्ता तो, की ज्याला काही शब्द उच्चारता येत नाहीत. आत्यांना बैलगाडी म्हणता आली नाही, हीच त्या ओवीवरील त्यांची सही.

दुसरी शंका अधिक अवघड आहे. प्रयोगानेच अर्थ येत असेल, तर यंत्राची कविता मनोभावे वाचणारा प्रत्येक वाचकही प्रयोक्ता ठरेल, आणि मग यंत्राची प्रत्येक कृती कला होईल. याचे पुरते निरसन मला करता येईल असे वाटत नाही. एवढे म्हणता येईल की, वाचणे आणि म्हणणे या भिन्न क्रिया आहेत. वाचक आस्वाद घेतो. त्याने ओवी आवडून घेतली म्हणून भाऊ त्याचा होत नाही. जो ती आपली म्हणून दुसऱ्यापुढे म्हणतो तो तिच्या खरेखोटेपणास बांधला जातो. मात्र एखाद्या एकाकी वाचकाने यंत्राच्या दोन ओळी आपल्या दुःखाला लावून घेतल्या, तर तेथे काहीच घडले नाही असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. घडले ते त्याच्याकडून घडले, एवढेच.

क्रिस्टोफर स्ट्रेची यांनी १९५२ मध्ये मँचेस्टर येथील संगणकाकडून प्रेमपत्रे लिहवून घेतली होती. प्रत्येक पत्रास लाडिक मायना असे आणि खाली विद्यापीठाच्या संगणकाची आद्याक्षरे सही म्हणून असत. पत्रे मौजेची आहेत, आणि मौज कशाची याचा विचार करण्यासारखा आहे. शब्द प्रेमाचेच होते. पण मायन्याखाली कोणी प्रेयसी नव्हती आणि सहीमागे कोणी प्रियकर नव्हता. पत्राची दोन्ही टोके सुटलेली, आणि मधला मजकूर तेवढा जागच्या जागी! आजची यंत्रे त्या यंत्राच्या कितीतरी पुढे गेली आहेत. सुटलेली टोके मात्र अजून सुटलेलीच आहेत. फरक इतकाच की, मधला मजकूर आता इतका नीटस असतो की, टोकांकडे लक्ष जात नाही.

सहीचा विषय निघाला म्हणून आपल्या परंपरेविषयी एक गोष्ट सांगावीशी वाटते. अभंगाच्या शेवटी येणारी नाममुद्रा आपण कर्तृत्वाची खूण समजतो. पण ‘नामा’ या मुद्रेखाली एकाहून अधिक कवींनी लिहिले, आणि ‘तुका म्हणे’ असे शेवटी असलेला प्रत्येक अभंग तुकोबांचा नाही, हे पाठचिकित्सक जाणतात. उलट तुकोबांच्या अभंगांवर आपली मुद्रा घालणारा सालोमालो परंपरेत बदनाम झाला. म्हणजे दुसऱ्याचे नाव आपल्या शब्दांवर घालणे परंपरेने सोसले, पण दुसऱ्याच्या शब्दांवर आपले नाव घालणे सोसले नाही. एकात परंपरेपुढे नमणे आहे, दुसऱ्यात तिची लूट.

यंत्राची ओवी या दोहोंपैकी कशात मोडते? येथे नैयायिकांचा पोपट पुन्हा आठवतो. त्या ओवीतील बहिणीला भाऊच नव्हता. वाक्य विसंवादी होते. म्हणून तात्पर्य शिकविणाऱ्याचे. आणि शिकविणारा कोण? यंत्र बांधणारा अभियंता नव्हे. त्याने पिंजरा केला. भाऊ न्यायला येण्याची वाट कशी पाहावी हे यंत्राने ज्यांच्याकडून उचलले त्या शिकविणाऱ्या. पहाटे उठून दळणाऱ्या बायकांनी हे साचे घडविले. संग्रहात त्यांच्या ओवीपुढे त्यांचे नाव आणि गाव होते. यंत्रातून ओवी बाहेर पडते तेव्हा ओवी राहते, नाव गळते. भारतीय प्रताधिकार अधिनियमात (१९५७) १९९४ च्या दुरुस्तीने अशी तरतूद झाली आहे की, संगणकजनित कृतीचा कर्ता म्हणजे ती कृती निर्माण होण्यास कारणीभूत होणारी व्यक्ती. या व्याख्येने आमची विद्यार्थिनी त्या ओवीची कर्ती ठरण्याचा संभव आहे. तिला हे सांगितले तेव्हा ती ओशाळून हसली. कायद्याला कोणी तरी धनी नेमावाच लागतो. त्याबद्दल तक्रार नाही. पण कलेच्या विचारात ‘कारणीभूत’ हा शब्द फारच सैल आहे. त्या अर्थाने गिरणीवालाही भाकरीचा कर्ता ठरेल.

गिरणीचा उल्लेख मी वारंवार केला तो उगाच नव्हे. ओवी थांबली ती कोणी तिला वाईट म्हटले म्हणून नव्हे. जाते थांबले, म्हणून ती थांबली. एका यंत्राने दळणाचे कष्ट नेले, आणि कष्टांबरोबर ओवी म्हणण्याची वेळही नेली. कष्ट गेले हे चांगलेच झाले. जात्याविषयी हळहळणाऱ्या पुरुष अभ्यासकांनी एक पायली बाजरी दळून पाहावी आणि मग हळहळावे. आता दुसरे यंत्र वेळेवाचूनची, प्रसंगावाचूनची ओवी हवी तितकी देऊ करीत आहे. यामुळे ओवीचे पुनरुज्जीवन होईल असे ज्यांना वाटते त्यांनी ओवी आणि ओवीचा मजकूर यांत गल्लत केली आहे. मजकुराची टंचाई कधीच नव्हती. एक लाखाहून अधिक ओव्या आपल्याजवळ आहेत. टंचाई आहे ती म्हणणाऱ्यांची.

विद्यार्थिनीपुढे त्या दिवशी एक व्यावहारिक अडचण उभी राहिली. आत्यांच्या तोंडची बदललेली ओवी तिच्या नोंदवहीत घ्यावी की नाही, आणि घेतल्यास कोणाच्या नावावर? माझ्या एका सहकाऱ्यांच्या मते ती नोंद दूषित आहे. यंत्राचा पाठ प्रचारात मिसळला, तर पुढील अभ्यासकास खरी ओवी ओळखता येणार नाही. ही भीती निराधार नाही, आणि म्हणूनच मूळ कोठून आले ते नोंदविणे अवश्य आहे. पण ती नोंद वगळणे मला मान्य झाले नाही. आत्यांच्या इतर ओव्या तरी कोठून आल्या? सासूकडून, जावेकडून, पंढरीच्या वाटेवर भेटलेल्या कोणा बाईकडून. आम्ही ती नोंद घेतली. गाणारणीच्या रकान्यात आत्यांचे नाव आहे, गाव निमोणे. शेऱ्याच्या रकान्यात लिहिले आहे: मूळ पाठ यंत्ररचित, गाडीच्या जागी यष्टी.